संशोधनाची साधने आली, ती शिकवणार कोण?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती हा ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय आहे आणि पुढे तिसऱ्या व चौथ्या सत्रांत मिळून १० श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प विद्यार्थ्याने करावयाचा आहे. पूर्वी पीएच.डी.ला नोंदणी करणाऱ्या मोजक्या लोकांपुरते असलेले हे काम त्यामुळे उदगीर, वसमत, भोकरदन, परंडा अशा तालुक्यांच्या गावी एम.ए., एम.कॉम. करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीपर्यंत आले आहे. या बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु पदव्युत्तर वर्गाला संशोधनपद्धती शिकवताना एक गोष्ट दर वर्षी अधिक ठळकपणे दिसते, आणि ती आपल्या वृत्तपत्राद्वारे मराठवाड्यातील विद्यापीठे, प्राचार्य आणि पालक यांच्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते. संशोधनासाठी लागणारी बहुतेक ऑनलाइन साधने आज विनामूल्य आहेत, ती साध्या मोबाइलवरही उघडतात. मात्र ती कशी वापरायची हे विद्यार्थ्याला शेजारी बसून शिकवण्याची जबाबदारी आपल्या व्यवस्थेत कोणावरही सोपवलेली नाही. परिणामी प्रकल्प जमा करण्याची तारीख जवळ आली की झेरॉक्सच्या दुकानातील तयार फाइल, मागच्या वर्षीच्या मित्राचा पेन ड्राइव्ह किंवा मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेचे उत्तर यांवरच काम भागवले जाते.

सुरुवात शोधगंगेपासून करतो, कारण तिचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते आणि तिचा उपयोग फार थोड्यांना येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणे सुरू झाले आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने ते शोधगंगा या भांडारात सर्वांसाठी खुले केले. त्यासाठी सदस्यत्व लागत नाही, पैसे लागत नाहीत. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र पीडीएफ मिळते, त्यामुळे इंटरनेट मंद असलेल्या गावातही हवे तेवढेच उतरवून घेता येते. नोंदणीच्या टप्प्यावरील आराखड्यांसाठी शोधगंगोत्री हे वेगळे भांडार आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील प्रबंध पाहायचे असतील तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कृषिकोश या भांडाराकडे वळावे लागते. आपल्या भागातील ग्रामीण अर्थव्यवस्थेवर लिहिणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांना कृषिकोशाचे नावही ठाऊक नसते, आणि ज्वारी, कापूस, सोयाबीन, तूर यांवर परभणीत झालेले काम न पाहताच ते आपले प्रकरण लिहून मोकळे होतात.

प्रबंध सापडल्यावर त्याचे काय करायचे, हे शिकवावे लागते. विद्यार्थी बहुधा पहिले प्रकरण उघडतो आणि त्यातील व्याख्या उतरवून घेतो. खरे तर त्याने सर्वप्रथम शेवटची संदर्भसूची आणि निष्कर्षांचे प्रकरण उघडावे. आधीच्या अभ्यासकाने कोणते ग्रंथ पाहिले, कोणती आकडेवारी वापरली, कोणता प्रश्न पुढच्यासाठी सोडला, हे तेथे कळते. स्वयंसहाय्यता बचत गट, तालुक्यातील सहकारी पतसंस्था, पंचायत राज्यातील महिलांचा सहभाग अशा विषयांवर केवळ तालुक्याचे नाव बदलून तेच शीर्षक पुन्हा पुन्हा येत राहते, याचे कारण आराखड्याच्या वेळी आधीच्या कामाची यादी कोणी मागत नाही. आपल्या विषयावर आधी काय काय झाले आहे, त्यातील किमान १० कामांची नोंद आणि आपण त्यांहून वेगळे काय करणार याचे एक पान, एवढी अट विभागीय पातळीवर घातली तरी पुष्कळ फरक पडेल. गूगल स्कॉलरवर एखादा लेख सापडला की तो पुढे कोणी कोणी उद्धृत केला हे एका टिचकीसरशी दिसते. जुन्या लेखापासून ताज्या लेखापर्यंत येण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि तो वर्गात अर्ध्या तासात दाखवता येतो.

मराठवाड्याच्या बाबतीत शोध घेण्याचे कौशल्य आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे, आणि त्यावर मला थोडे सविस्तर लिहावयाचे आहे. आपल्या भागाची नावे आणि सीमा वारंवार बदलल्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणून १९५१ च्या जनगणनेत आपले जिल्हे शोधायचे तर हैदराबाद राज्याचा खंड उघडावा लागतो. त्यातही उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात सापडतात. बीडचे नाव त्या काळच्या इंग्रजी कागदांत ‘भीर’ असे वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले आहे. आजचे स्पेलिंग टाकून शोधणाऱ्याला ते कागद दिसणारच नाहीत. जालना जिल्हा १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये अस्तित्वात आला. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली.

ही माहिती केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी आहे असे कोणी समजू नये. अर्थशास्त्राच्या प्रकल्पात उस्मानाबाद जिल्ह्याची १९७१ ची आणि १९९१ ची लोकसंख्या शेजारी शेजारी मांडली तर जिल्ह्याची लोकसंख्या घटल्याचे दिसते. मग त्याचे स्पष्टीकरण म्हणून दुष्काळ, स्थलांतर, रोजगाराचा अभाव अशी कारणे लिहिली जातात. मधल्या काळात लातूर वेगळा झाला आणि अर्धाअधिक जिल्हा त्या आकड्यातून बाहेर पडला, एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे संपूर्ण प्रकरण चुकीच्या पायावर उभे राहते. परभणीची दोन वेळा विभागणी झाली: परतूर जालन्याकडे गेले आणि नंतर हिंगोली स्वतंत्र झाली, परभणीच्या दीर्घकालीन आकडेवारीतही म्हणूनच तशीच दक्षता घ्यावी लागते. जनगणनेच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात जुने जिल्हा खंड विनामूल्य मिळतात, आणि तालुकानिहाय आकडे घेऊन जुना जिल्हा नव्या सीमांप्रमाणे पुन्हा जुळवता येतो. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य. पण ते ज्याने एकदा केले त्याला संशोधन म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. शोध घेताना जुने नाव, नवे नाव, मराठी रूप आणि रोमन लिपीतील निरनिराळी स्पेलिंगे यांची यादी आधी वहीत लिहून काढावी, असा आग्रह मी विद्यार्थ्यांकडे नेहमी धरतो. निजामी राजवटीत इंग्रजीत छापलेले औरंगाबादचे १८८४ चे गॅझेटियर इंटरनेट अर्काइव्हवर घरबसल्या वाचता येते, पण तेही अशी यादी हाताशी असलेल्यालाच सापडते.

आता आकडेवारीकडे येतो. दुष्काळ हा आपल्याकडील प्रकल्पांचा सर्वांत आवडता विषय, आणि त्यात वावगे काही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते आजच्या विद्यार्थ्यांनी लहानपणी पाहिले आहे. तथापि या विषयावरील बहुतेक प्रकल्प वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस यांवर थांबतात. भारतीय हवामान विभाग १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत, विनामूल्य उपलब्ध करून देतो. राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि त्यावर पंचनामे व मदत अवलंबून असते. पीक विम्याच्या संदर्भात पावसाच्या २१ दिवसांच्या खंडाची चर्चा खरिपात गावोगाव होत आली आहे. आपल्या स्वतःच्या मंडळात गेल्या काही वर्षांत असा खंड किती वेळा पडला, तो सोयाबीन फुलोऱ्यात असताना पडला की शेंगा भरताना, आणि वार्षिक सरासरी त्या वर्षी काय सांगत होती, हे एखाद्या विद्यार्थिनीने मांडले तर तो प्रकल्प तिच्या गावातील शेतकऱ्यालाही वाचावासा वाटेल. सरासरी गाठलेल्या वर्षातही पीक हातचे जाते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. ते आकड्यांनी दाखवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे.

बाजारभावांच्या बाबतीत हीच संधी आहे. अ‍ॅगमार्कनेट या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव नोंदलेले असतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. लातूरच्या बाजारात आवक वाढत गेली तसतसा भाव या आकड्याच्या किती खाली गेला आणि किती दिवस खाली राहिला, हे एका साध्या एक्सेल तक्त्यात मांडता येते. आरोग्य आणि पोषणाच्या विषयांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९-२१ ची, जिल्हा पत्रके आहेत. गावपातळीवरील आकड्यांसाठी मात्र आजही २०११ च्या जनगणनेवरच विसंबावे लागते, आणि ते आकडे किती जुने झाले आहेत याची स्पष्ट नोंद प्रत्येक तक्त्याखाली व्हायला हवी. नकाशांसाठी इस्रोचे भुवन आणि क्यूजीआयएस ही विनामूल्य साधने पुरेशी आहेत.

प्राथमिक माहिती गोळा करण्याच्या पद्धतीत अलीकडे एक घातक सोय शिरली आहे. प्रश्नावलीचा गूगल फॉर्म करायचा, तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकायचा आणि आलेल्या १०० उत्तरांची टक्केवारी काढून निष्कर्ष लिहायचे, असा आता जवळजवळ सर्वत्र प्रघात पडला आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावरील प्रश्नावली जर अशा रीतीने फिरवली, तर ती नेमक्या त्या कुटुंबांपर्यंत पोहोचत नाही ज्यांच्याविषयी प्रकल्प आहे. ती माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली असतात, आणि उत्तरे येतात ती विद्यार्थ्याच्या वर्गमित्रांकडून. फॉर्म हे साधन वाईट नाही. नमुना कसा निवडला हे सांगता न येणे वाईट आहे. कोबो टूलबॉक्स या विनामूल्य साधनात मराठी प्रश्नावली तयार करून मोबाइलवर घेता येते, वस्तीवर नेटवर्क नसले तरी उत्तरे भरता येतात आणि गावात परतल्यावर ती पाठवता येतात. विद्यार्थी वस्तीवर जाऊन समोर बसून विचारतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याची संमती घेणे, नाव न लिहिणे, लहान मुलांना प्रश्न विचारताना आईवडिलांना सोबत ठेवणे, या गोष्टीही त्याला शिकाव्या लागतात. त्या शिकवल्याशिवाय कोणालाही वस्तीवर पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संदर्भ नोंदवण्याचे काम झोटेरो या विनामूल्य साधनाने फार हलके केले आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासाच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये ते सुरू केले आणि आज ते देवनागरी नोंदीही नीट सांभाळते. पहिल्या सत्रात ते संगणकावर बसवून दिले की चौथ्या सत्रात संदर्भसूचीसाठी रात्र जागवावी लागत नाही.

याहून कठीण प्रश्न संदर्भ खरा आहे की नाही हा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत असे संदर्भ दिसू लागले की ज्यांतील लेखक खरे, नियतकालिक खरे, पण तो लेखच कधी लिहिला गेलेला नाही. चॅटजीपीटीसारखी ही भाषिक प्रतिमाने (लँग्वेज मॉडेल) पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य तयार करतात, त्यामुळे संदर्भासारखी दिसणारी ओळ ती सहज रचतात. मी या साधनांवर बंदी घालावी असे म्हणणार नाही. आपल्याकडील विद्यार्थ्याला इंग्रजी लेखाचा सारांश समजून घेण्यासाठी, अवघड परिच्छेद मराठीत उलगडून पाहण्यासाठी त्यांचा खरोखर उपयोग होतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ही मदत नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु सूचीतील प्रत्येक संदर्भ तिने स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे. बहुतेक संशोधन लेखांना डीओआय हा १० या अंकाने सुरू होणारा कायमचा क्रमांक असतो. तो ब्राउझरमध्ये doi.org/ या पत्त्यापुढे टाकून मूळ लेखाचे पान उघडते का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. तोंडी परीक्षेत सूचीतील कोणतेही ५ संदर्भ निवडून ‘यांची मूळ पाने दाखवा’ एवढेच विचारले, तरी पुढच्या तुकडीला योग्य तो संदेश जाईल.

पडताळणीचा हा प्रश्न संगणकापूर्वीचाही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने समाजमाध्यमांवर फिरणारी वचने आपल्याकडील प्रकल्पांत आणि भाषणांत सर्रास येतात. ज्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय उभे केले, ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी लोकांनी दीर्घ लढा दिला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ते प्रत्यक्षात आले, तेथील विद्यार्थ्याने त्यांचे वाक्य खंड व पृष्ठ न देता लिहावे, हे मला अस्वस्थ करते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि त्यांत शब्दशोध घेता येतो. एखादे वचन तेथे सापडले नाही तर ते लिहू नये, इतका साधा नियम वर्गात सर्वांनी मान्य करावा.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीविषयीही गैरसमज दाट आहेत. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास ठरावीक मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एका वर्षापर्यंत प्रबंध सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. हे टप्पे ठरवण्यामागील हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र टक्केवारी कमी करून देणारी दुकाने उभी राहिली. ती शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून वाक्ये इतकी विद्रूप करतात की लेखकालाही ती समजत नाहीत, आणि तरीही प्रमाणपत्रावर ९ टक्के छापून येतात. दुसऱ्याचा विचार त्याच्या नावासह अवतरणात देणे हे प्रामाणिक आहे आणि तोच विचार शब्द फिरवून आपला म्हणून देणे अप्रामाणिक आहे, हे कोणत्याही सॉफ्टवेअरला कळत नाही. ते मार्गदर्शकालाच वाचून ठरवावे लागते, आणि त्यासाठी मार्गदर्शकाने मसुदा आरंभापासून टप्प्याटप्प्याने वाचलेला असावा लागतो.

पैसे घेऊन काही दिवसांत लेख छापणाऱ्या नियतकालिकांबद्दल पालकांनाही सांगावेसे वाटते. पीएच.डी.साठी शोधनिबंध प्रसिद्ध केलाच पाहिजे ही अट आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांतून वगळण्यात आली. दर्जेदार मानलेल्या नियतकालिकांची ‘केअर’ ही यादीही आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि चांगले नियतकालिक ओळखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. असे असताना ‘प्रमाणपत्रासह प्रकाशन’ अशा जाहिरातींना भुलून शेतकरी कुटुंबातील मुले दोन-तीन हजार रुपये भरतात, हे थांबले पाहिजे. संपादक मंडळातील व्यक्ती त्या विषयातील आहेत का, त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव आहे का, लेखाचे परीक्षण किती दिवसांत होते, नियतकालिक डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत आहे का, एवढे पाहायला विद्यार्थ्याला शिकवणे अवघड नाही.

येथे एका महत्त्वाच्या शासकीय योजनेचा उल्लेख करणे भाग आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक संस्थांना खुली होतात. पाऊल मोठे आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु योजनेचा पहिला टप्पा केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे, आणि मराठवाड्यातील बहुसंख्य पदव्युत्तर विद्यार्थी खासगी शिक्षण संस्थांच्या व्यवस्थापनाखालील महाविद्यालयांत शिकतात. आपले महाविद्यालय यादीत आहे की नाही, नसल्यास विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत काही व्यवस्था होईल की नाही, हे प्रत्येक प्राचार्यांनी लेखी विचारून घ्यावे. तोपर्यंत अनपेवॉल हे विनामूल्य विस्तारक (एक्स्टेन्शन) ब्राउझरला जोडले की लेखाची कायदेशीर खुली प्रत असल्यास ती समोर येते, आणि तीही नसेल तर लेखकाला नम्र शब्दांत ई-मेल पाठवून प्रत मागता येते. बहुतेक अभ्यासक आनंदाने ती पाठवतात.

हे सर्व शिकवायचे कोणी, हा माझ्या पत्राचा गाभा आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा २ श्रेयांकांचा, ३० तासिकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे आणि त्यात खुली साधने व डेटाबेस यांचा समावेश आहे. तो पीएच.डी.पर्यंत थांबतो. पदव्युत्तर पातळीवर संशोधनपद्धतीच्या ४ श्रेयांकांत गृहीतकांचे प्रकार, नमुना निवडीचे प्रकार, संशोधनाची वैशिष्ट्ये असे फळ्यावर लिहून देता येणारे घटक शिकवले जातात आणि परीक्षेतही तेच विचारले जातात. या ४ श्रेयांकांपैकी किमान १ श्रेयांक पूर्णपणे प्रात्यक्षिकाचा असावा, तो संगणक कक्षात घ्यावा आणि त्याचे गुण विद्यार्थ्याने प्रत्यक्ष शोधून आणलेल्या, तपासलेल्या व नोंदवलेल्या कामावर द्यावेत, अशी माझी मागणी आहे. ते शिकवण्यास सर्वांत योग्य व्यक्ती ग्रंथपाल आहे. ग्रंथपालांचे शिक्षणच माहितीचा शोध आणि वर्गीकरण यांत झालेले असते. आपल्याकडे मात्र त्यांना पुस्तक देवघेवीपुरते आणि मूल्यांकन समितीच्या फायलींपुरते मर्यादित ठेवले आहे, आणि अनेक महाविद्यालयांत तर हे पद निवृत्तीनंतर भरलेलेच नाही. ग्रंथपालाला वेळापत्रकात तासिका, तासिकेला कार्यभाराची मान्यता आणि रिक्त पदांवर नियुक्ती, या तीन गोष्टी विद्यापीठ आणि शासन यांनी मिळून केल्या तर शोधगंगेपासून झोटेरोपर्यंत कोणत्याही साधनासाठी वेगळी कार्यशाळा भरवावी लागणार नाही. पाहुणे बोलावून घेतलेल्या एकदिवसीय कार्यशाळांत प्रमाणपत्रे वाटली जातात, पण विद्यार्थ्याची बोटे कळफलकाला लागत नाहीत.

तासिकेच्या वेळेचाही विचार व्हावा. खेड्यांतून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलींना दुपारची गाडी चुकवता येत नाही. कॉलेज सुटल्यानंतर उघडा राहणारा संगणक कक्ष त्यांच्यासाठी नसल्यासारखाच असतो. प्रात्यक्षिक सकाळच्या वेळापत्रकात बसवले तरच ते त्यांच्या वाट्याला येईल.

शेवटची विनंती छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील दोन्ही विद्यापीठांना आहे. मराठवाड्याच्या इतिहासावर, महानुभाव वाङ्मयावर, मुक्तिसंग्रामावर, लोकसाहित्यावर मराठीत झालेले कितीतरी प्रबंध शोधगंगेवर आहेत, पण शब्द टाकून शोधले तर ते सापडत नाहीत. कारण ते श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित झालेले आहेत किंवा छापील पानांची केवळ छायाचित्रे घेऊन चढवलेले आहेत. जुन्या फाँटमधील मराठी मजकूर संगणकाला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. त्यामुळे त्यात शब्दशोध होत नाही आणि साम्याची तपासणीही अर्थशून्य ठरते. यापुढे प्रबंध आणि प्रकल्प युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकाला वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीतच, स्वीकारले जातील, शीर्षक व सारांश मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असतील, आणि जिल्ह्या-तालुक्यांची जुनी व नवी दोन्ही नावे शोधशब्दांत नोंदवली जातील, असे परिपत्रक दोन्ही विद्यापीठांनी येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांपूर्वी काढावे. टेसरॅक्ट आणि गूगल डॉक्स ही साधने छापील मराठी पान वाचून त्याचा युनिकोड मजकूर तयार करू शकतात. त्यात चुका राहतात, म्हणून माणसाने तो वाचून दुरुस्त करावा लागतो. जुन्या प्रबंधांचे हे वाचन-दुरुस्तीचे काम मराठी, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना कार्यप्रशिक्षणाच्या ४ श्रेयांकांत देता येईल, आणि त्याचा आरंभ १९९० पूर्वीच्या, ज्यांच्या छापील प्रती झिजत चालल्या आहेत अशा प्रबंधांपासून करता येईल.

आपला विश्वासू,
अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड